हळहळ नेमकी कशाची करायची?

गेल्या वर्षी गौरीच्या जागरणाला नौपाड्यात मावशीकडे आम्ही सात-आठ जण पत्ते घेऊन बसलो होतो. मेंढीकोट झाला, झब्बू झाला, आणि बारा वाजून गेल्यावर पोकर सुरू झाला. आमच्याकडे पैसे लावत नाहीत. मावशीच्या डब्यातले चिंचोके सगळ्यांना सारखे वाटतो आणि त्यावर खेळतो. एका डावात मधल्या, सगळ्यांना सामाईक असलेल्या चार उघड्या पानांत दोन बदाम होते, माझ्या हातात दोन. शेवटचं पान बदामाचं निघालं तर माझा फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, होणार होता. मध्ये ६० चिंचोके जमले होते. मावसभावाने आपले उरलेले सगळे, म्हणजे आणखी ६०, पुढे सरकवले. मीही ६० मोजून टाकले. शेवटचं पान उघडलं, बदामाची सत्ती! मावशीने पाठीवर थाप मारली, "काय खेळलास रे!" मावसभाऊ मात्र हळहळत राहिला, "उगाच सगळे लावले."

खरं तर तो बरोबर खेळला होता आणि मी चुकलो होतो. पोकर सुधारायचा असेल तर आधी हे पटावं लागतं, आणि पटायला ते फार जड जातं.

हिशेब साधा आहे. मला सहा पानं दिसत होती, चार मधली आणि दोन माझी. न दिसणारी उरली ४६. तेरा बदामांपैकी चार समोर होते, म्हणजे ४६ पानांत ९ बदाम. माझा डाव लागण्याची शक्यता ४६ पैकी ९, साधारण १९.६ टक्के, म्हणजे पाचात एकदा. आता किंमत बघा. मध्ये १२० होते आणि ते मिळवायला मी ६० टाकत होतो. हा सौदा तोट्यात जाऊ नये म्हणून मला निदान तीनात एकदा जिंकायला हवं होतं. हाच प्रसंग ४६ वेळा, दर वेळी वेगळं पान येऊन, घडला असं धरा. ९ वेळा मला १२० मिळतील, म्हणजे १०८०. ३७ वेळा माझे ६० जातील, म्हणजे २२२०. एकूण तोटा ११४०. त्या रात्री मी चिंचोके टाकले तेव्हा सरासरी पंचवीसेक चिंचोके मावसभावाला देऊन टाकले होते. सत्ती आली म्हणून ते कुणाला दिसलं नाही, इतकंच. त्याने ६० ऐवजी २० च टाकले असते तर ८० साठी २० द्यायचे होते. तेव्हा पाचात एकदा जिंकलं तरी भागलं असतं, आणि माझी चाल जवळपास बरोबरीची ठरली असती.

डाव चालू असताना एवढा भागाकार डोक्यात होत नाही. त्यासाठी एक ठोकताळा आहे: आपल्याला उपयोगी पडतील अशी जितकी पानं उरली असतील त्यांची दुप्पट करा, एक पान उघडायचं असताना तेवढे टक्के धरा. दोन पानं उघडायची असतील तर चौपट. नऊ बदामांना १८ आणि ३६ टक्के. खरे आकडे १९ आणि ३५ च्या आसपास आहेत, म्हणजे खेळापुरतं हे पुरेसं आहे.

आपल्याकडे बहुतेक जण तीन पत्तीवरून पोकरकडे येतात आणि एका ठिकाणी हमखास फसतात. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारी पानं, कलरच्या, म्हणजे एकाच चिन्हाच्या पानांच्या, वर असतो. पोकरमध्ये उलट, फ्लश सिक्वेन्सच्या वर. हा कुणाच्या लहरीचा नियम नाही. तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठं. गंमत म्हणजे तीन पत्तीने हा नियम एका जागी मोडला आहे. ट्रेल (तीन सारखी पानं) ५२ प्रकारे होतो आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) ४८ प्रकारे, म्हणजे प्युअर जास्त दुर्मीळ, तरी मान ट्रेलला!

माणसं निर्णयाला निकालावरून जोखतात हे पत्त्यांपुरतं नाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये काही लोकांना डॉक्टरांचे निर्णय वाचायला दिले. शस्त्रक्रिया करायचा निर्णय तोच, जोखीमही तीच. फरक एवढाच, की काहींना सांगितलं रुग्ण बरा झाला, काहींना सांगितलं दगावला. रुग्ण दगावल्याचं वाचणाऱ्यांना तोच निर्णय वाईट वाटला. मावशीची थाप आणि मावसभावाची हळहळ याच जातीची. आणि त्या हळहळीचा परिणाम राहतो. त्या डावानंतर मावसभाऊ चांगली पानं हातात असूनही पुढे सरकवायला घाबरायला लागला. चुकीच्या जागी केलेल्या हळहळीने त्याला वाईट खेळ शिकवला.

म्हणूनच पोकर खेळणाऱ्या संगणकांची गोष्ट मला इतकी आवडते. तेही हळहळीवरच शिकतात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत यंत्र स्वतःशीच खेळतं. सुरुवातीला अगदी वाटेल तसं. मग प्रत्येक निर्णयाशी थांबून मोजतं: मी इथे दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं? हा आकडा म्हणजे त्याची हळहळ. ज्या चालीबद्दल हळहळ जास्त साठते ती चाल पुढच्या वेळी जास्त वेळा करायची. पण ही बेरीज एकट्या सत्तीवर होत नाही. समोरच्याकडे काय काय असू शकलं असतं आणि पुढे कोणकोणती पानं येऊ शकली असती, त्या सगळ्यांवर ती पसरलेली असते. याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाने २०१५ मध्ये याच विद्यापीठाने दोघांत खेळायचा, बोलीवर मर्यादा असलेला होल्डेम, म्हणजे मधली पानं सामाईक असलेला पोकर, जवळपास पूर्ण सोडवला. ४,८०० प्रोसेसर दोन महिन्यांहून अधिक काळ स्वतःशी खेळत होते.

दोन वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोम ब्राऊन आणि ट्युओमास सँडहोल्म यांच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने मर्यादा नसलेल्या खेळात चार नामवंत व्यावसायिकांना हरवलं. त्यासाठी किती डाव खेळले? २० दिवसांत १,२०,०००. कोण सरस हे नशीब बाजूला सारून ठरवायला इतके डाव लावले होते. आमच्या जागरणाला रात्रभरात फार तर ६० डाव होतात. म्हणजे तेवढ्या डावांना आम्हाला दोन हजार जागरणं लागतील. "मी काल जिंकलो, म्हणजे मला येतं" या वाक्यात किती दम आहे ते यावरून समजावं.

मग माणसाने सुधारायचं कसं? मी वही ठेवतो. शेवटचं पान उघडायच्या आधी चार शब्द खरडतो: मध्ये किती, मला किती टाकायचे, मला कोणती पानं हवीत, समोरच्याकडे काय असावं. आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण पान दिसलं की आठवण बदलते, आपल्याला "वाटलंच होतं" असं वाटू लागतं. निकाल मी लिहीतच नाही. महिन्याने वही उघडली की फक्त निर्णय समोर येतात.

वहीतल्या चौथ्या नोंदीत मी सगळ्यात जास्त चुकायचो. समोरच्याने जोर लावला की "एक्क्यांची जोडी आहे" असं एकच उत्तर ठरवून मोकळा. आता मोजतो. चार एक्क्यांतून जोडी ६ प्रकारे होते, राजांची जोडीही ६ प्रकारे, पण एक्का-राजा १६ प्रकारे. समोरचा या तीनच हातांवर जोर लावतो असं माहीत असेल, तर २८ पैकी १६ वेळा त्याच्याकडे जोडीच नाही. माझ्या हातात एक एक्का असेल तर आकडे पुन्हा बदलतात, एक्क्यांची जोडी ३ वर येते आणि एक्का-राजा १२ वर. भीती अशी मोजता आली की बरीच कमी होते.

पैशांबद्दल एकदा स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. या खेळांपायी घरं बुडालेली आपण पाहिली आहेत. वरचा एकही हिशेब चिंचोक्यांनी बदलत नाही.

राहिला ब्लफ, म्हणजे हलकं पान असताना जोर लावणं. तो समजून घ्यायला हॅरोल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये एक इवलासा पोकर मांडला. पानं तीनच, राजा, राणी, गुलाम. खेळणारे दोघे. प्रत्येकी एक चिंचोका मध्ये, प्रत्येकाला एक पान. पहिल्याने गप्प राहायचं किंवा आणखी एक टाकायचा, तो गप्प राहिला तर दुसऱ्याला तीच मुभा. कुणी टाकला की समोरच्याने एक टाकून पानं दाखवायला लावायची, नाहीतर डाव सोडायचा. दोघेही गप्प राहिले तर पानं उघडायची. मोठं पान जिंकतं.

समजा पहिला गप्प राहिला. दुसऱ्याकडे राजा असेल तर तो टाकणारच. गुलाम असेल तर? गणित सांगतं, तीनात एकदा टाका. असं केलं की टाकण्याच्या दर चार वेळांत तीनदा राजा असतो आणि एकदा गुलाम. राणी घेऊन बसलेल्या पहिल्याला एक टाकून मधले तीन मिळवायचे असतात. तो तीनदा एकेक हरेल, एकदा तीन जिंकेल. बेरीज शून्य. दाखवायला लावलं काय, सोडलं काय, त्याला फरकच पडत नाही. दोघेही निर्दोष खेळले तर पहिला खेळाडू दर १८० डावांत सरासरी १० चिंचोके हरतो, कारण दुसऱ्याला त्याची चाल बघून ठरवता येतं.

पण "तीनात एकदा" हे माणसाला मनाने जमत नाही. आपण नकळत एक लय पकडतो आणि ती समोरच्याला कळते. म्हणून घड्याळ वापरायचं. सेकंदकाटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर टाकायचा, नाहीतर गप्प.

माझी भाची वाशीला कॉलेजात जाते. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली की आम्ही तीन पानं काढतो आणि वहीत रेघा ओढून हिशेब ठेवतो. परवा ऐरोली गेल्यावर मला राणी आली. मी गप्प राहिलो. तिने पान बघितलं, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि एक रेघ वाढवली. हल्ली राजा आला तरी ती घड्याळ बघते. रबाळे आलं तरी मी विचारच करत होतो. शेवटी मी पान खाली ठेवलं. तिने आपलं पान न दाखवता गठ्ठ्यात सरकवलं आणि पिसायला घेतलं.