बी-१७ च्या पोटाखालचा गोळा: सर्वांत जीवघेणी जागा?

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून जर्मनीवर दिवसाढवळ्या जाणाऱ्या अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमानांत पोटाखालच्या ‘बॉल टरेट’मधला, म्हणजे दोन मशीनगन बसवलेल्या फिरत्या गोळ्यातला, गनर (बंदूक चालवणारा) सर्वांत आधी मरायचा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

जखमींच्या नोंदींत ही जागा उलट कमी धोक्याची ठरली. गनर पाय पोटाशी घेऊन गुडीमुडी पडलेला, पाठीमागे चिलखती पत्रा. लक्ष्य म्हणून शरीर लहान. बॉम्बार्डियर (बॉम्ब टाकणारा) मात्र विमानाच्या नाकाच्या पारदर्शक प्लास्टिकमागे उघड्यावर, आणि १९४२ च्या अखेरीपासून जर्मन लढाऊ विमानं समोरूनच चाल करून येत. बहुतेक जखमा तर विमानवेधी तोफगोळ्यांच्या उडालेल्या तुकड्यांच्या.

विमान उतरताना बॉल टरेटमधला गनर आत चिरडला जायचा, हेही सरसकट खरं नाही. गनर उड्डाणानंतर आत जाई, उतरण्याआधी वर येई. दार विमानाच्या आत उघडायला दोन्ही मशीनगन सरळ खाली वळवाव्या लागत. वीज गेली तर हाताने दांडा फिरवायचा. तोही अडकला की माणूस खरोखर कोंडला जाई. त्यात पॅराशूट बहुधा वर ठेवलेलं, म्हणजे बाहेर येऊन, ते छातीला अडकवून मगच उडी.

खरा लपलेला शत्रू थंडी आणि विरळ हवा. २५,००० फुटांवर उणे ४० अंश. श्वासातल्या ओलाव्याने मास्कमध्ये बर्फ धरून ऑक्सिजन तुंबला, तर काही मिनिटांत शुद्ध हरपते. सुरुवातीच्या विजेच्या गरम सूटमध्ये एक तार तुटली की अख्खा सूट गार पडे.