डोस कोण ठरवतं, रिपोर्ट की अंग?

थायरॉईडच्या गोळीचा डोस रक्ताच्या रिपोर्टवर ठरवण्याची पद्धत गेल्या काही दशकांचीच. औषध मात्र त्याहून कितीतरी जुनं. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड मंदावलेल्या, ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. त्या पुढे २८ वर्षं जगल्या आणि त्यापायी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. डोस कमी पडतोय की जास्त होतोय, हे बाईंकडे बघूनच ठरायचं. दुसरं साधनच नव्हतं.

१९१४ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ केंडॉल यांनी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयारही झालं. मोजमाप मात्र रखडलं. रुग्णाला उपाशीपोटी झोपवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते बघायचं. माणूस नुसता घाबरला तरी आकडा चढायचा! नाहीतर टाचेमागच्या स्नायुबंधावर हातोडी मारायची आणि पाऊल किती सावकाश पूर्ववत होतं ते पाहायचं. मग सोपा मार्ग उरायचा: बरं वाटेपर्यंत डोस वाढवत राहायचं. दिवसाला २०० ते ३०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन देण्यात कोणाला वावगं वाटत नसे.

१९६५ च्या सुमारास रक्तातलं टीएसएच मोजता येऊ लागलं आणि पारडं फिरलं. थायरॉईडला कामाला लावणारं हे संप्रेरक मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते, आणि ती भलतीच हळवी असते. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतं. १९८० च्या दशकात अगदी खालची पातळीही नेमकी मोजणाऱ्या चाचण्या आल्या, तेव्हा ‘मला छान वाटतंय’ म्हणणाऱ्या कित्येकांचं टीएसएच जवळपास शून्य निघालं, म्हणजे डोस जास्त होत होता. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात १९९४ मध्ये साठीपुढच्या अशा लोकांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. डोस उतरले ते या भीतीनं, आणि माझ्या मते ती रास्तच होती.

पण रिपोर्ट नॉर्मल आणि अंग जड, ही तक्रारही तिथूनच ठळक झाली. तिला आधार नाही असं नाही. शरीर थायरॉक्सिनचं (टी-४) टी-३ हे जास्त प्रभावी संप्रेरक करून वापरतं, हे १९७० मध्ये दिसून आलं, आणि हे रूपांतर प्रत्येक अवयवात सारखं होत नाही. पिट्युटरी समाधानी आहे म्हणजे बाकीचे अवयवही समाधानी, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. १९९९ मध्ये ३३ रुग्णांच्या चाचणीत टी-३ ची जोड दिल्यावर मन हलकं झाल्याचं दिसलं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत बहुतेक वेळा तसं काही हाती लागलं नाही. त्यातच २००६ च्या एका चाचणीत ५६ रुग्णांना कधी कोणता डोस चालू आहे ते न कळवता तो थोडा कमीजास्त केला, तर त्यांना काही फरकच जाणवला नाही.

बऱ्याचदा कारण साधंच निघतं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनबरोबरच घेतली जाते आणि औषध नीट शोषलंच जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. किंवा डोस बदलून पंधरा दिवसांतच रक्त तपासलं जातं. थायरॉक्सिन रक्तात निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात, म्हणून सहा आठवडे थांबायचं. आणि केसांसाठी घेतलेलं बायोटिन हे जीवनसत्त्व तर रक्त तपासणाऱ्या काही यंत्रांना चक्क फसवतं: टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-४ खोटंच जास्त. कागद म्हणतो डोस कमी करा, माणूस म्हणतो मला उठवत नाही. अशा वेळी बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा तपासायचं, गोळीला नंतर हात लावायचा.