कच्चा आहार (कुत्र्यांचा)

कारखान्यात तयार झालेले कोरडे दाणे किंवा डबाबंद खाद्य न देता, कुत्र्याला न शिजवलेले मांस, चावून खाता येतील अशी मऊ हाडे आणि काळीज (म्हणजे यकृत), गुर्दा असे अवयव मोजून देण्याची पद्धत. ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ पासून तिचा प्रसार केला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात राखणीच्या कुत्र्याचा खुराक म्हणजे भाकरी-ताक आणि मटणादिवशी उरलेली हाडे. ती हाडे शिजलेली असत, म्हणून त्याला कच्चा आहार म्हणता येत नाही. आणि शिजलेले हाड तर या पद्धतीत पूर्ण वर्ज्य आहे, कारण ते ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटते.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही’ हा या पद्धतीच्या समर्थकांचा आवडता दावा टिकत नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ कुत्राही धान्य-दुधावर वाढत आला आहे.

प्रमाण. प्रौढ कुत्र्याला रोज वजनाच्या २ ते ३ टक्के. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के काळीज आणि ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. २० किलोच्या कुत्र्याचे दिवसाचे ५०० ग्रॅम असे बसतात: कोंबडीच्या माना १४० ग्रॅम (मानेत साधारण ३६ टक्के हाड, म्हणजे ५० ग्रॅम), बिनहाडाचे मांस ३१० ग्रॅम, काळीज २५, गुर्दा २५. कोंबडीचे गिझर्ड, बोकडाचे हृदय, फुप्फुस आणि वजडी हे अवयवांत नव्हे, मांसात धरायचे. इथेच सर्वाधिक हिशेब चुकतात. कोंबडीच्या पायांत हाड जवळपास ६० टक्के असते, त्यामुळे चिकन सेंटरवर स्वस्त मिळतात म्हणून नुसते पाय देऊन भागत नाही.

परदेशी तक्त्यांतले बीफ इथे गृहीत धरता येत नाही. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद केली. तेरा वर्षांवरील म्हशीलाच तपासणीनंतर मुभा आहे. नुसत्या कोंबडीवर जस्त आणि लोह कमी पडते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा बोकडाचे हृदय, तिल्ली किंवा खिमा घालावा. तरीही जीवनसत्त्व ई, आयोडीन आणि मँगनीज अपुरे राहू शकतात; ८०-१०-१० हा आकडा म्हणजे संतुलित आहाराची हमी नव्हे.

काय बिघडते. विष्ठा खडूसारखी पांढरी आणि कुत्रा कुंथत असेल, तर हाड जास्त झाले. काळी आणि पातळ असेल, तर बहुधा काळीज जास्त झाले. सर्वांत मोठे नुकसान नुसत्या बिनहाडाच्या मांसाने होते. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. मग शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, क्वचित उडी मारतानाच मोडतात. मोठ्या कुत्र्याला हाड द्यायचेच नसेल, तर ४५० ग्रॅम मांसाला अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड मिसळतात. पिल्लासाठी असा घरगुती अंदाज करूच नये. पशुवैद्याकडून तक्ता घ्यावा. बोकडाच्या नळीच्या हाडाने वरची मोठी दाढ तडकते. गळ्याच्या नळीसोबत थायरॉइड ग्रंथी जात असल्याने तो भाग रोज दिल्यास कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचे संप्रेरक वाढते.

जंत आणि जिवाणू. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक पट्ट्यात मेंढ्यांचे कळप फिरतात, आणि इथला खरा धोका मेंढीच्या काळजात व फुप्फुसांत असतो. त्यांवर पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी दिसल्या, तर तो हायडॅटिड (फीतकृमीच्या अळीची गाठ) असू शकतो. कच्च्या गाठी खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, सहा-सात आठवड्यांत विष्ठेतून अंडी पडू लागतात आणि ती पोटात गेल्यास माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. जत्रेत किंवा देवकार्यात मेंढरू कापल्यावर असा भाग कुत्र्यापुढे फेकू नये. खोल पुरावा किंवा जाळावा. मेंढीचे अवयव नेहमी देत असाल, तर दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल या जंतनाशकाची मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

उणे १८ ते २० अंशांत आठ-दहा दिवस गोठवल्यास या गाठी व मांसातले बरेच परजीवी मरतात. साध्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तितका थंड होत नाही, आणि वीज वारंवार जात असेल तर दिवसांची मोजणी निरर्थक ठरते. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू गोठूनही जिवंत राहतात. कच्च्या कोंबडीचा संबंध कुत्र्याच्या पाय लुळे पडण्याच्या आजाराशीही आढळला आहे. निरोगी दिसणारा कुत्राही हे जिवाणू विष्ठेतून बाहेर टाकतो. घरात तान्हे मूल, गर्भवती किंवा केमोथेरपी घेणारे कोणी असेल, तर मांस शिजवूनच द्यावे, आणि हाडाऐवजी कवचाची पूड घालावी.

सुरुवात. एकाच प्राण्याचे मांस घेऊन सात ते दहा दिवसांत जुने खाणे हळूहळू कमी करतात. अवयव दुसऱ्या आठवड्यापासून. मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवावे, ओट्यावर नाही. स्टीलची थाळी वापरावी आणि अर्ध्या तासात न संपलेले उचलून टाकावे. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात तर वीस मिनिटेच पुरे.