फवारणीनंतर गरगरलं, तर आधी कपडे उतरवा

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी (कपाशी) माणसाच्या उंचीची झाली होती. फवारा तोंडासमोर उडत होता, सदरा पाठीला चिकटत होता. त्या हंगामात वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ही माणसं विष प्यायली नव्हती. ते श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं. गावात आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, तिथूनच गाफीलपणा सुरू होतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. नसेकडून स्नायूला, ग्रंथीला निरोप पोचवतं ते ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक विकर (एन्झाइम) ते लगेच मोडून टाकतं. हे विष त्या विकरालाच जखडतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलट्या, जुलाब, छातीत घरघर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दंडाचं मांस आपोआप फडफडतं. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सावलीत झोपवण्याआधी बाहुल्या नीट बघा.

आणि कपडे उतरवा, सगळे. ओला सदरा अंगावर आहे तोवर विष आत जातच राहतं. साबण लावून भरपूर पाण्यानं केस, कानामागे, काखा, नखं धुवा. धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत, नसतील तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. मात्र धुण्यापायी 108 ला फोन करायचं लांबवू नका. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा.

कुणी विष प्यायलं असेल, तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. यातली बरीच कीटकनाशकं रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेली असतात. उलटी होताना ते फुफ्फुसात उतरलं तर नवंच संकट. डबा पिशवीत घालून सोबत न्या. त्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पण डॉक्टरांना खरं हवं असतं ते आतल्या रसायनाचं नाव, कारण प्रत्येक विषाचा उपचार वेगळा. ऑर्गेनोफॉस्फेट असेल तर छातीतली घरघर थांबेपर्यंत ॲट्रोपिन देत राहतात. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 वर सल्ला देतं.

दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागतो, चहा मागतो आणि घरचे सुट्टीसाठी मागे लागतात. मागू नका. एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. अधूनमधून त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही, तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा.