दारूने आणलेली उदासी आणि उदासीने लावलेली दारू

रोज पिणारा माणूस खचलेला आहे हे घरच्यांना दिसतंच. दिसत नाही ते एवढंच, की या खचण्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी दारूच मेंदूवर परिणाम करून मन खाली ओढते. कधी नैराश्य आधीपासून मुक्कामाला असतं आणि रात्री झोप लागावी, डोक्यातलं चक्र थांबावं म्हणून माणूस प्यायला लागतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. झोप उडालेली, कशात मन नाही, 'माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं' हे पालुपद, आणि मरणाचे विचार. पहिल्याच भेटीत अनुभवी डॉक्टरलाही हे खात्रीने वेगळं करता येत नाही.

वेगळं करतो तो काळ. दारूने आलेली उदासी दारू बंद झाल्यावर साधारण महिन्याभरात बरीचशी ओसरते. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट या अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्यांच्यातल्या ४२ टक्के जणांमध्ये ठळक नैराश्य दिसत होतं. दारूविना चार आठवडे गेल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. म्हणजे बहुतेकांचं मन दारू थांबल्यावरच सावरलं. पण मला काळजी वाटते ती उरलेल्यांची. दारू सुटूनही ज्यांच्या मनावरचं मळभ हटत नाही, त्यांना 'आता तर पीत नाहीस, मग तोंड पाडून का बसलास?' असं ऐकावं लागतं आणि ते पुन्हा बाटलीकडे वळतात.

मागचा इतिहास काढायला आपल्याकडे एक चांगली सोय आहे: श्रावण. एरवी रोज पिणारे कितीतरी जण श्रावण पाळतात. त्या महिन्यात त्यांचं मन कसं होतं, हे विचारावं. पहिला आठवडा धरू नये, कारण तेव्हाची चिडचिड आणि जागरण दारू सुटल्याचं असतं. पण नारळी पौर्णिमा उलटल्यावर माणूस घरात बोलू लागला, जेवू लागला, तर दोष बराचसा दारूचा. तेव्हाही तो भिंतीकडे तोंड करून पडून असेल, किंवा दारूला हात लावण्याआधी, कॉलेजच्या वयातच असा काळ येऊन गेला असेल, तर नैराश्य स्वतंत्र असण्याची शक्यता मोठी. हे त्याच्यापेक्षा बायकोला किंवा बहिणीला जास्त नेमकं आठवतं. म्हणून डॉक्टरकडे एकट्याला पाठवू नये.

मात्र 'महिना थांबून पाहू' याचा अर्थ महिनाभर काहीच करायचं नाही, असा मुळीच नाही. आत्महत्येचा धोका दोन्हींत खरा असतो. तो निदानाची वाट बघत नाही. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल किंवा आजार तीव्र असेल, तर डॉक्टर औषध लवकर सुरू करतात. 'आधी दारू सोड, मग डोक्याचं बघू' हे जितकं चूक, तितकंच 'डिप्रेशन बरं झालं की दारू आपोआप सुटेल' हेही चूक. जडलेलं व्यसन स्वतःच्या पायावर उभं असतं, मूळ कारण गेलं तरी ते जात नाही. व्यसनमुक्ती केंद्राने मानसोपचाराकडे आणि तिथून परत केंद्राकडे अशी टोलवाटोलवी झालेली कुटुंबं थकून उपचारच सोडून देतात. गोव्यात 'संगत' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून दारूसाठी आणि नैराश्यासाठी थोडक्या भेटींचे उपचार करून पाहिले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष दोन्हींबाबत आशादायक होते. म्हणजे दोन्हींची मदत गावातल्या दवाखान्यात, एकाच छपराखाली मिळू शकते.

गोळ्यांबद्दलही गोंधळ असतो. 'एक नशा सोडून दुसरी कशाला' म्हणून नैराश्याची गोळी नातेवाईकच बंद करतात. या गोळ्यांनी नशा येत नाही. फक्त त्या डॉक्टरला न विचारता एकदम थांबवायच्या नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची. त्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

आणखी एक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन भिंतीवर किडे, माणसं दिसू लागतात. ही बाहेरची बाधा नाही आणि कायमचं वेडही नाही. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठावं.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तिथे मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि मनाच्या आजारावरची गोळी तिथे चालू ठेवतात की बंद करायला लावतात, हे आधी विचारून घ्या. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.