पाकाची तार आणि भेंडीची तार

रव्याच्या लाडवांचा पाक एकतारी झाला का, हे आपण अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून बघतो. चिरलेल्या भेंडीलाही तार येते. दोन्हींना शब्द एकच, पण पदार्थाचा स्वभाव अगदी वेगळा.

पाकाची तार येते ती दाटपणामुळे. शास्त्रात त्याला श्यानता म्हणतात. दाट द्रव हळू वाहतो, एवढंच. कितीही ताणा, सोडलात की तो जिथे आहे तिथेच राहतो किंवा खाली ओघळतो. भेंडीच्या बुळबुळीत रसात मात्र लांबलचक रेणूंच्या साखळ्या असतात. ताणल्या की त्या उलगडतात आणि सोडल्या की पुन्हा गोळा व्हायला बघतात, म्हणून तुटलेली तार आखडते. ही स्थितिस्थापकता, म्हणजे रबराचा गुण. तो द्रवात असू शकतो हेच मुळात पचायला जड जातं.

सरळ नळीतून संथ वाहताना दोघं सारखेच वाटतात. वळण आलं, नळी अरुंद झाली, कुणी ढवळलं, की खरी ओळख पटते. चहा जोरात ढवळला तर मधे खळगा पडतो, कारण फिरणारं पाणी बाहेर फेकलं जातं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात बीटर फिरवा, बलक दांडीवर चढू लागतो! गोल फिरताना ताणलेल्या साखळ्या दांडीभोवती रबरबँडसारख्या आवळतात आणि द्रवाला आत, मग वर ढकलतात. शास्त्रज्ञ कार्ल वाइसेनबर्ग यांनी १९४०च्या दशकात याचा अभ्यास केला. हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण बलक दाटही आहे आणि लवचीकही, मग श्रेय नक्की कुणाला द्यायचं? मला या विषयातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते ती इथली. ऑस्ट्रेलियात डेव्हिड बोगर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली साखरेच्या दाट पाकात अगदी किंचित पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, विरघळवलं. दाटपणा जवळपास पाकाचाच राहिला, ढवळण्याचा वेग बदलला तरी फारसा बदलला नाही, आणि लवचीकपणा तेवढा वाढला. साधा पाक आणि हा पाक शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. रुंद नळीतून एकदम अरुंद नळीत सोडा: संथ वेगात साध्या पाकाचे कोपऱ्यात लहानसे भोवरे पडतात. लवचीक पाकाचे भोवरे मात्र वेग वाढेल तसे फुगत मागे पसरू शकतात. साखळ्यांना अरुंद तोंडात एकदम ताणलं जाणं सोसत नाही, म्हणून प्रवाह आधीपासूनच निमुळता होतो.

पुढे २०००मध्ये ग्रोइसमन आणि स्टाइनबर्ग या शास्त्रज्ञांनी अशाच पाकात खळबळही, म्हणजे वेडावाकडा, अनियमित प्रवाह, दाखवली. खळबळ म्हटलं की आपल्याला वेगाने धावणारं पाणी आठवतं. इथे प्रवाह संथ आणि द्रव दाट, म्हणजे साध्या पाकाने निमूट वाहायला हवं होतं. दशलक्षात सुमारे ८० भाग पॉलिमर, तेवढ्यावर सगळं घुसळून निघालं.

घरी ओळखायचं असेल तर वाटीत अंड्याचा पांढरा बलक घ्या, बुडबुडे दिसतील असा फिरवा आणि एकदम थांबा. पाकातले बुडबुडे थांबतील तिथेच थांबतात. बलकातले किंचित उलटे, आल्या वाटेने मागे फिरतात.