संत मार्क चर्च, बेलग्रेड

सर्बियाच्या राजधानीतील ताश्मायदान उद्यानालगतचे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च. बांधकाम १९३१–४०. वास्तुकार पेतार व ब्रांको क्रस्तिच हे बंधू. याच जागेजवळ १८३५-३६ च्या सुमारास बांधलेले याच नावाचे लहान चर्च होते. एप्रिल १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात ते जळाले आणि पुढच्या वर्षी त्याचे अवशेष पाडण्यात आले.

चर्चचा आराखडा ग्राचानित्सा (कोसोव्हो) येथील मठ-चर्चवर बेतलेला आहे, याबद्दल दुमत नाही. मध्ययुगीन सर्बियाचा राजा मिलुतिन याने उभारलेल्या त्या वास्तूचा काळ सामान्यतः १३२१ च्या आसपास धरतात. मूळ बांधकाम त्याआधी काही वर्षे पुरे झाले असावे, असेही एक मत आहे. मधला उंच घुमट व चार कोपऱ्यांवरचे चार लहान घुमट, चौकोनात बसवलेला क्रूसाकृती तलविन्यास आणि पायरीपायरीने वर चढत जाणाऱ्या कमानी ही तिची वैशिष्ट्ये संत मार्कमध्ये जशीच्या तशी ओळखू येतात. पश्चिमेच्या दर्शनी भागावरील घंटामनोरा मात्र ग्राचानित्सात नाही.

वाद आहे तो या वास्तूला आधुनिक म्हणावे की नाही, याबद्दल. मध्ययुगीन नमुन्याची फुगवलेली प्रतिकृती, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. त्यात तथ्य आहे. ग्राचानित्साचा सारा प्रभाव तिच्या अरुंद, अंधाऱ्या आणि वर खेचल्या जाणाऱ्या अवकाशात आहे. मधले खांब इतके जवळ की मान वर केल्याशिवाय घुमट दिसत नाही. संत मार्कची लांबी ६२ मी., रुंदी ४५ मी. आणि मुख्य घुमटाची उंची सु. ६० मी. एवढ्या मापात तोच आराखडा वेगळा भासतो: चार भक्कम खांबांमधून मोकळे, एकसंध सभागृह तयार होते आणि दोन हजारांहून अधिक माणसे त्यात मावतात. हे साधले सलोह (आत लोखंडी सळया घातलेल्या) काँक्रीटमुळे. मध्ययुगीन गवंड्याचे हात वीट-दगडाच्या वजनाने बांधलेले होते. इथे कमानी व घुमट यांचा भार काँक्रीटचा सांगाडा पेलतो.

दुसरे मत बाह्यांगावर भर देते. भिंतींवर पिवळसर व तांबूस रंगांचे आडवे पट्टे आहेत. त्यांत कोरीवकाम जवळजवळ नाही. कमानींच्या कडाही कोऱ्या आहेत. जुन्या सर्बियन भिंतीवर विटांची नक्षी जे काम करी, ते इथे केवळ रंग आणि घनाकारांची रचना करते. क्रस्तिच बंधू १९२८ मध्ये बेलग्रेडला स्थापन झालेल्या आधुनिकतावादी वास्तुकारांच्या गटाशी जोडलेले होते. कृषी बँकेची इमारत आणि तेराझिये चौकातील इगुमानोव प्रासाद ही त्यांचीच कामे. हे ध्यानात घेतले, तर आकार परंपरेचा पण बांधणी व पृष्ठे नव्या युगाची, हे वर्णन अधिक नेमके वाटते.

असे निर्णय केवळ रुचीचे नव्हते. १९२० मध्ये सर्बियन धर्मपीठाची (सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या सर्वोच्च पीठाची) पुनःस्थापना झाली आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या नव्या राज्याच्या (पुढचे युगोस्लाव्हिया) राजधानीला मोठी चर्चे हवी होती. बेलग्रेडमधीलच संत सावा मंदिर या दुसऱ्या मोठ्या चर्चच्या आराखड्यासाठी १९२६-२७ मध्ये झालेल्या स्पर्धेत पहिले पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. त्याचे काम १९३५ मध्ये सुरू होऊन १९४१ मध्ये थांबले. त्यामुळे दुसरे महायुद्ध बेलग्रेडला पोचण्यापूर्वी बाह्यतः पूर्ण झालेले या प्रकारचे मोठे चर्च म्हणून संत मार्कला विशेष महत्त्व आहे.

येथे मध्ययुगीन सर्बियाचा सम्राट दुशान (मृत्यू १३५५) याची शवपेटिका १९६८ पासून ठेवलेली आहे. त्याचे अवशेष प्रिझ्रेनजवळील मठात १९२७ मध्ये सापडले होते. १९०३ मध्ये मारले गेलेले सर्बियाचे राजा अलेक्सांदर ओब्रेनोविच व राणी द्रागा यांचे अवशेष तळघरात आहेत.

युद्धामुळे आतले काम अडले आणि विधिवत पवित्रीकरण १९४८ मध्ये झाले. त्यानंतरही भिंती कित्येक दशके बहुतांशी कोऱ्याच राहिल्या. संगमरवरी प्रतिमापट (वेदीपुढची संतचित्रांची आडभिंत) १९९० च्या दशकाच्या आरंभी बसवला गेला. चित्रांनी भरलेल्या ग्राचानित्साशी तुलना करता कोऱ्या भिंती ही उणीवच आहे, पण खांब आणि कमानी यांची रचना अभ्यासण्यासाठी ती सोयीची ठरली आहे.